तुळशीच्या लग्नाची डीव्हीडी

आमच्या खिडकीत कबुतरं बसू नयेत म्हणून दोऱ्याला बांधून काही चकत्या लटकवल्या आहेत. ऊन पडलं की भिंतीवर त्यांचे रंग नाचतात. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगते, या मी वाया घालवलेल्या डीव्हीडी. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. ज्या बाईने कॉम्प्युटरला आधी फक्त फडक्याने पुसायला हात लावला होता, तिने एवढ्याच वाया घालवल्या हे कमीच झालं.

माझं सासर भिवंडीत. घराच्या भिंतीला भिंत लावून मागांचा कारखाना आहे. लग्न होऊन आले तेव्हा दिवसरात्रीच्या त्या खडखडाटाने डोकं उठायचं. आता उलट झालंय, माग थांबले की जीव घाबरा होतो. माहेर काल्हेरचं. तिकडे आता जिकडे बघावं तिकडे गोदामं झाली, पण मी सांगतेय तेव्हा आमच्या आत्याच्या अंगणातून अजून खाडीचा वारा यायचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तिचं लग्न गावातच झालं, त्यामुळे मी तिच्याच अंगणात वाढले. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण वेळेवर लागते. हळद-धान्य कांडायच्या पहिल्या विधीपासून, म्हणजे घाणा भरण्यापासून, नवरी सासरी जाईपर्यंत जे जे करायचं ते ती गाण्यातून सांगते, त्या गाण्यांना धवला म्हणतात. तांदळाचं सूप पुढ्यात घ्यायचं आणि गायचं. गावदेवीला आमंत्रण, मग मांडव कुणी घातला, हळद कुणाच्या शेतातली, नवरीचं नाव काय, तिला कुणी कुणी वाढवलं. आत्याला हे तिच्या सासूने दिलं होतं. कागदावर एक ओळ नाही, सगळं तोंडात. मोठा, थोडा फाटलेला आवाज होता तिचा. माईक नको, काही नको, पलीकडच्या आळीत कळायचं की हळद लागली.

मी लहानपणी तिच्या मागे मागे गुणगुणायचे तर ती म्हणायची, "तू नको गो. तुझा गला न्हाय गान्याचा. तू हिशेबाला बस." मी रडले नव्हते, पण परत तोंडही उघडलं नाही.

तर त्या आत्याच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टरने सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, जिवाला धोका नाही, पण आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री देत नाही. दिवाळी होऊ दे, मग करू, असं ठरलं. घरात सगळे जिवाला धोका नाही म्हणून खूश. मी भेटायला गेले तेव्हा आत्या मात्र भाजी निवडता निवडता म्हणाली, "धवला कोनाला दिलाच न्हाय मी. सून शिकंल शिकंल म्हनत ऱ्हायले. आता नातीचं लगीन मुक्यानं लागंल." एवढं बोलून पुन्हा भाजी निवडायला लागली. तिची नात तेव्हा कॉलेजात होती, वर्ष-दोन वर्षांत तिचं लग्न होणार हे उघड होतं.

मी म्हटलं, त्यात काय, आता टेपरेकॉर्डर आणते, तू गा, सून त्यावरून शिकेल.

आत्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवघरात चप्पल घालून शिरलेय. "लगीन न्हाय, नवरी न्हाय, आन् मी धवला गाऊ? कोनासाठी?" धवला विनाकारण गायचा नाही, गायला सुरुवात केली की देवांना बोलावणं जातं, ते आले आणि लग्नच नसलं तर? त्यापुढे कुणाचं काही चालेना. सून बिचारी हात जोडून विनवत होती. आत्याची मान नाही म्हणजे नाही.

मग मला आठवलं, माझ्याच लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे की. त्यात आत्या गातेय. झालं तर! तिच्यावरून डीव्हीडी करायची, सुनेच्या हातात द्यायची, तिने रोज लावून शिकायचं. कॅसेट चालवायची मशीन तोवर सगळ्यांच्या घरातून गेली होती आणि कॅसेटला खाडीच्या दमट हवेने बुरशी धरायला लागली होती, म्हणून डीव्हीडीच हवी होती. मी कॅसेट घेऊन आमच्या बाजारातल्या व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "ठेवून जा ताई. नवरात्राचा सीझन आहे, दिवाळीनंतर बघू." मी म्हटलं, दिवाळीच्या आधी पाहिजे. तर माझ्याकडे न बघता बोलला, "मग घरी करा."

माझं डोकं अशाने फिरतं. मी कॅसेट उचलली आणि म्हटलं, घरीच करते.

घरी कॉम्प्युटर होता. नवरा काल्हेरच्या एका गोदामात डिस्पॅचला होता, त्याचं कामाचं काहीबाही त्यावर चालायचं. त्याला मी सांगितलं की डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह बसवून आणा आणि व्हिडिओची वायर लागेल असं कार्डही. तो म्हणाला, "तुला जमणार आहे का?" पण त्याने आणून दिलं.

एका चुलत जावेच्या माळ्यावर व्हीसीआर सापडला. पिवळी वायर पिवळ्यात, लाल लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात, इतकं तर पोळ्या लाटणाऱ्या बाईला कळतंच. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ कॉम्प्युटरमध्ये भरायला लागतो, घाई चालत नाही. मी स्पीकरचा आवाज बंद करून ते लावून ठेवलं आणि स्वयंपाकाला लागले. आवाज बंद केला नसता तर पुढचा सगळा त्रास वाचला असता, पण तेव्हा मागांच्या खडखडाटात घरात आणखी एक आवाज नको झाला होता.

पहिली डीव्हीडी लिहून झाली, बाहेर आली, गरम गरम. टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली तर प्लेअर म्हणाला, डिस्क नाही. अगं बाई, डिस्क तर तुझ्या पोटात आहे! दोन दिवसांनी कळलं की नुसती फाइल टाकून चालत नाही, प्लेअरला समजेल अशी व्हिडिओ डीव्हीडी करावी लागते, तो पर्याय वेगळा असतो. दुसरीवर मी हौसेने बॉलपेनने नाव लिहिलं, वरचा थर खरवडला गेला. मग जाड मार्कर आणला. तिसरीपासून खरा छळ सुरू झाला. अर्ध्यात बंद पडायच्या. डीव्हीडी उलटी करून बघितली की जिथवर लिहिलं तिथवर गडद रंग, पुढे कोरी. नवरा बिघडलेल्या डिस्कला बशी म्हणायचा आणि रोज कामावरून आला की विचारायचा, "आज किती बश्या झाल्या?"

वेग कमीत कमी ठेवला. दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या डिस्क आणल्या. तरी तेच. शेवटी मी कामधाम सोडून समोर खुर्ची टाकून बसले, बघू तरी काय होतं. बसल्या बसल्या लक्षात आलं. पलीकडे थांबलेले माग एकदम सुरू झाले की आमचा बल्ब मंद होतो, त्याच क्षणी डिस्क मरते. आणि माग चालू असले की टेबल सारखं थरथरतं, त्यावर ठेवलेल्या चहात बारीक लाटा उठतात. एवढ्या वर्षांत ते टेबल थरथरतं हे मला दिसलंच नव्हतं. आता भिवंडीत माग कधी बंद असतात? शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीला. मी शुक्रवारी सकाळी देवाचं नाव घेतलं, कॉम्प्युटरखाली जुनी गोधडी घडी करून घातली आणि बटण दाबलं. शेवटपर्यंत लिहिली गेली. प्लेअरने मुकाट्याने वाचली, चित्र आलं तशी मी लगेच काढून घेतली. त्या दिवशी मी नवऱ्याला बशीत नाही, कपात चहा दिला आणि म्हटलं, आज बशी नाही झाली, डीव्हीडी झाली.

त्यानंतर आमच्या घरात शुक्रवार म्हणजे डीव्हीडी बर्न करायचा, लिहायचा वार ठरला. जावेच्या लग्नाची, पुतण्याच्या बारशाची, शेजारणीच्या हाजी सासऱ्याच्या सत्काराची, ज्याच्या त्याच्या कॅसेट माझ्याकडे यायला लागल्या. पण ते पुढचं.

ती पहिली चांगली डीव्हीडी मी पदराखाली धरून काल्हेरला नेली. आत्याला टीव्हीसमोर बसवलं, सुनेला बसवलं. स्क्रीनवर माझं लग्न. मी बारीक होते. मांडव, पाहुणे, हळदीची ताटं, सगळ्यावर त्या काळची सिनेमाची गाणी. मी म्हटलं, थांबा, पुढे येतंय. घाण्याचा प्रसंग आला. आत्या दिसली, हिरवं लुगडं, पुढ्यात सूप, मान किंचित तिरकी, तोंड उघडलेलं. आणि तिच्या तोंडातून सिनेमातल्या कुणा नाजूक बाईचं गाणं येत होतं, मागे व्हायोलिन.

शूटिंगवाल्याने सगळा खरा आवाज पुसून वर गाणी चिकटवली होती. सगळेच तसं करायचे. आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही घरातली लग्नाची कॅसेट लावा, माणसं तोंडं हलवतात आणि सिनेमा गातो. आम्हीच मागून घ्यायचो की "गाणी चांगली टाका". मीही म्हटलं असेन, आणि लग्नानंतर कॅसेट बघितली तेव्हा माझं लक्ष फक्त माझ्या साडीकडे असणार.

आत्या म्हणाली, "ह्या बाईचा गला चांगला हाय." सून तोंड फिरवून आत गेली. मी संतापाने डीव्हीडी काढली. रिक्षा करून तशीच त्या शूटिंगवाल्याकडे गेले. त्यानेच माझं लग्न शूट केलं होतं. मूळ कॅसेट कुठे आहे, विचारलं. तो म्हणाला, "ताई, मूळ कॅसेटवर दुसरं लग्न घेतो आम्ही. आणि खऱ्या आवाजात असतं काय? भांडी आणि बायकांचा गलका." भांडायला गेले होते, पण तो खोटं बोलत नव्हता. मी परत फिरले.

गावात चार घरी विचारून बघितलं. सगळीकडे आत्या होती आणि कुठेच तिचा आवाज नव्हता.

दिवाळी तोंडावर आली. ऑपरेशनचा वार ठरला. मी फराळाच्या करंज्या करत होते आणि डोक्यात तेच चाललेलं. लग्न पाहिजे. लग्नाशिवाय ती गाणार नाही. आणि या महिन्यात आमच्या कुठल्याच घरात लग्न नाही. मग करंजी तळणीत तशीच राहिली, कारण मला सुचलं होतं. लग्न आहे की. दिवाळीनंतर घराघरांत आहे. तुळशीचं.

आत्याला सांगितलं तर ती हसली. "तुलशीचं लगीन काय मानसाचं लगीन हाय?"

मी म्हटलं, "म्हणजे खोटं? दरवर्षी मंगलाष्टकं म्हणतेस, अक्षता टाकतेस, कोपऱ्यावरच्या पोरांना चुरमुरे वाटतेस, ते सगळं खोटं? वृंदावनापुढे जाऊन तुळशीला तोंडावर सांग की, तू खोटी नवरी आहेस म्हणून."

आत्याचं हसू गेलं. ती उठून अंगणात गेली आणि तुळशीपुढे उभी राहिली. मी ओटीवरून बघत होते. आत आली ती अटी घेऊनच. घाणा भरायचा. हळद लावायची, नुसतं बोट नाही, खरी. बायकांना आमंत्रण द्यायचं. नवऱ्याकडची माणसं पाहिजेत. आणि बेंजोवाल्यांचं वाजपाचं पथक आणायचं नाही. "अर्धं गान्याची सवय न्हाय मना," ती म्हणाली.

असं तुळशीचं लग्न काल्हेरात कधी झालं नसेल. उसाचा मांडव घातला. बायका नटून आल्या. नवऱ्याकडची माणसं म्हणून माझा नवरा बाळकृष्ण ताटात घेऊन फाटकापाशी उभा, आणि बायका त्याला आत सोडेनात. तो गोदामातल्या एका मित्राचा हँडीकॅम मागून घेऊन आला होता. मी तो स्टुलावर ठेवला, आत्या आणि सूप दिसेल असा, आणि सांगून टाकलं की याला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे.

आत्या गायली. सूप पुढ्यात घेतलं, डोळे मिटले, आणि गावदेवीला हाक मारली. गाठीमुळे मध्ये मध्ये आवाज चिरत होता, ती थांबायची, घोट गिळायची, पुन्हा तिथूनच उचलायची. जिथे नवरीचं नाव येतं तिथे तुळस म्हणत होती, जिथे बापाचं नाव येतं तिथे माझ्या वडिलांचं, कारण ती तुळस त्यांनीच लावून दिली होती. सुरुवातीला बायका खुसुखुसू हसत होत्या. पाठवणीच्या धवल्याला सगळ्या रडत होत्या. कुठे पाठवणार होतो तिला, वृंदावन तिथेच राहणार होतं. तरी रडलो.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी डीव्हीडी केली. एक गाणं चिकटवलं नाही. भांडी वाजतात, पोरं ओरडतात, ट्रकचा हॉर्न येतो, सगळं आहे. पहिली आत्याच्या हातात दिली, ऑपरेशनच्या आधी. मग आमंत्रणाला आलेल्या प्रत्येक बाईला पाहिजे होती. मी एकदा पोळलेली, त्यामुळे लिहिलेली प्रत्येक डीव्हीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून बघितल्याशिवाय कुणाला द्यायची नाही असा माझा नेम. भाजी चिरताना लाव, कपड्यांच्या घड्या करताना लाव. आत्या गातेय, मी काम करतेय. नवरा म्हणायचा, "आपल्या घरात रोजच तुळशीची हळद."

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. म्हणजे बोलते, पण वारा गेल्यासारखं, कान तोंडाशी नेला तर कळतं. मला वाटलं होतं खचेल. ती तशी बाई नाही. दुपारी डीव्हीडी लावायची, सुनेला पुढ्यात बसवायची, चुकली की तिच्या गुडघ्यावर चापट. सून खरंच शिकली. तिचा गळा गोड आहे, आत्यापेक्षाही गोड. मी मनात म्हटलं, चला, डीव्हीडी कामी आली.

नातीचं लग्न ठरलं. हळदीच्या सकाळी घाणा भरायला सगळ्या अंगणात बसलो. आत्याने सुनेच्या पुढ्यात सूप ठेवलं. सुनेने गावदेवीची हाक छान मारली. मांडवाची ओळ झाली, हळदीची झाली. मग नवरीचं नाव आलं, आणि तिने ते घेतलं, आणि पुढचा शब्द निघेना. तिचीच मुलगी होती ना ती. धवला तिला पाठ होता, पण आईच्या गळ्यातून तो निघत नव्हता. तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा नावापाशी अडकली, आणि पदर तोंडाला लावला.

आत्याने स्वतः तोंड उघडून बघितलं. नुसती हवा आली. कुणीतरी म्हणालं, ती डीव्हीडी लावा ना, टीव्ही बाहेर आणा. आत्याने जोरजोरात मान हलवली. मला तेव्हाच कळलं का ते. डीव्हीडीतलं लग्न तुळशीचं होतं. त्यात या पोरीचं नाव नव्हतं. नवरी हळद लावून पाटावर बसली होती, आणि आत्याने तेव्हा म्हटलं होतं तसंच होत होतं, तिचं लग्न मुक्याने लागत होतं.

माझ्या तोंडातून पुढची ओळ बाहेर पडली. मी ठरवलं नव्हतं. मी मागे खोबरं किसत बसले होते, आणि भाजी चिरताना जसं मनात चालायचं तसं ते बाहेर आलं, मोठ्याने. गोड नाही. आत्यासारखंच थोडं फाटलेलं. बायकांनी माना वळवल्या. मी थांबले नाही, थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. एका ओळीमागून दुसरी येत गेली. आत्या जिथे चिरून थांबली होती तिथे मीही थांबत होते, घोट गिळत होते, कारण मला ते तसंच येत होतं. आणि नवरीचं नाव आलं तिथे मी सवयीने म्हणाले, तुळस.

सगळं अंगण हसायला लागलं. नवरी पाटावर हसली, तिची आई डोळे पुसत हसली. आत्या उठली, बायकांमधून वाट काढत माझ्यापाशी आली आणि गुडघ्यावर एक सणसणीत चापट मारली. तोंड माझ्या कानाशी आणून म्हणाली, "नवरीचं नाव घे गो."

मग तिने सुनेपुढचं सूप मागवून घेतलं, माझ्यासमोरची खोबऱ्याची परात बाजूला सारली आणि सूप माझ्या पुढ्यात ठेवलं. मी नातीचं नाव घेतलं आणि पुढे गायला लागले.